न वाजणारं पायताण

अर्जात सोळा रकाने होते.
तुरुंगवास किती, दंड किती, जप्त मालमत्ता,
भूमिगत असल्यास कालावधी,
दोन सहकाऱ्यांचे दाखले.
दादांनी पहिले चार भरले,
पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले,
"पायताणाचं कुठं लिवायचं?"

बेचाळीसच्या दिवाळीआधी
सटवाप्पानं त्यांच्यासाठी एक जोड शिवला.
तोवर आमच्याकडं पायताण वाजायलाच हवं, अशी रीत.
तळाच्या दोन थरांत बिया घालायच्या.
करकर ऐकून गल्लीनं ओळखायचं,
कोण तालमीला निघालाय, कोण घरात भांडून.
दादा गंगावेशीत वळले
की आई भाकरी थापायला घ्यायची.

सटवाप्पानं बिया घातल्या नाहीत.
कातडं तीन रात्री तेलात ठेवलं,
टाक्याला टाका भिडवला,
मग दिवा मालवून दुकानाच्या फळीवर
स्वतः चालून बघितलं.
"ज्योतिराम, आता तुझं तुला बी ऐकू येणार न्हाई."

तसंच झालं.

तीनदा ते रात्रीचे घरी आले.
तिन्ही वेळा आई झोपलेली.
पहाटे कोनाड्यात केळीच्या पानात
गुळाचा खडा. एवढीच भेट.
दुसऱ्या वेळी वच्छीला ताप होता.
तिसऱ्या वेळी आढ्याला
पाळण्याच्या नुसत्या कड्या.
त्या कड्यांखाली ते किती वेळ उभे होते
हे आईला भुईनं सांगितलं:
संध्याकाळच्या ओल्या सारवणात
दोन पावलं, टाचा खोल रुतलेल्या.
पुढं कितीतरी दिवस सारवताना
तेवढी जागा ती सोडून द्यायची.

"उठवलं का न्हाईसा?"
हे तिनं दादांना कधीच विचारलं नाही.
सटवाप्पाला मात्र विचारलं, भर बाजारात,
"कसलं पायताण शिवलंस रं बाबा?"
तो खाली बघत राहिला.
तेव्हा त्याचा उजवा अंगठा
चिंधीत गुंडाळलेला होता.
कुणाकुणाचे जोड शिवलेस, म्हणून
बिंदू चौकात चार दिवस विचारत होते.
अंगठा पुन्हा वाकला नाही.
मग नुसती डागडुजी, छत्र्या, पखालींची ठिगळं.

दादांनी दाखल्यासाठी त्याचंच नाव सांगितलं.
कारकुनानं चष्म्यावरून बघितलं.
"हे कुठल्या संघटनेत होते?"

अर्ज अजून ट्रंकेत आहे. चार रकान्यांचा.

ते उजेडात घरी आले, पुढच्या दारानं,
तेव्हा मी सहा वर्षांचा.
जात्यामागं लपून ओरडलो,
"आई, कोण तरी माणूस आलाय!"
लोक हार घेऊन मागून येत होते.
माझ्या ओरडण्यावर हसले.
दादा नाही हसले.

पुढं त्यांना नवे जोड आणले, करकरीत,
चप्पल लायनीत निवडून, वाजवून.
त्यांच्या पायात गेले की ते मुके व्हायचे.
पावलाला सवयच लागली होती
जमिनीला न कळवता टेकायची.
जन्मभर ते आईच्या पाठीशी अचानक उभे राहिले
आणि जन्मभर तिच्या हातून
काही ना काही सांडत गेलं,
ताक, तांदूळ, एकदा समईचं तेल.
"खोका तरी जरा," म्हणायची.

ते गेले. आईची नजरही गेली.
माझ्या साठीला सुनेनं जोड घेतला,
हौसेनं, बिया घातलेला.
रंकाळ्यावरून फिरून आलो,
उंबऱ्यात पाय ठेवला,
आणि आतल्या काळोख्या खोलीतून
आई एकदम म्हणाली, तरुण आवाजात,
"आलासा?"

मला उत्तर देता येईना.
माझ्या आवाजानं सगळं मोडलं असतं.
मी नुसता उजवा पाय उचलला
आणि पुन्हा टेकला.

आत परातीचा आवाज झाला.
पीठ नव्हतं तिच्याजवळ.